घरात कोण कोण

तलाठीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा पंकजा मशीनवर एका मोतिया साडीला पिको करत होती आणि श्रीमंत आत न्हाणीत अंघोळ करत होता. दुसऱ्या पाळीचा आठवडा होता, म्हणून तो उन्हं वर आल्यावर सावकाश अंघोळीला बसायचा आणि तांब्यामागून तांब्या अंगावर ओतून घ्यायचा. बोल्हेगावच्या त्या खोलीत न्हाणी आणि बाहेरची जागा यांच्यात एक पत्र्याचं दार, बाकी काही नाही. बाई म्हणजे पंचविशीची पोरगीच होती. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत तिनं विचारलं, "पंकजा बिभीषण तुम्हीच ना? निराधारची पाहणी आहे. दोनच मिनिटं." पंकजानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः मशीनच्या स्टुलावरच बसून राहिली, कारण उठायचं म्हणजे कृत्रिम पायाच्या गुडघ्याचा खटका बसवायला हवा होता आणि तो आवाज नवख्या माणसासमोर तिला नको वाटायचा.

"काम हेच करता?"

"व्हय. फॉल-पिको. कधी असतं, कधी न्हाई."

"खोली भाड्याची?"

"भाड्याचीच."

"घरात कोण कोण असतं?"

"मी एकटीच," पंकजा म्हणाली.

न्हाणीतलं पाणी थांबलं. एकदम थांबलं, म्हणजे तांब्या हवेतच धरून ठेवला असणार. बाईंनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांची नजर उंबऱ्याजवळ गेली. तिथं श्रीमंतचे कंपनीचे काळे, जड बूट होते आणि त्यांच्याशेजारी त्याच्या रबरी चपला. "हे कुणाचे?" बाईंनी विचारलं, तेही काही दरडावून नाही, रस्ता विचारावा तसं. "भावाचे," पंकजा म्हणाली. "गावावरनं आलाय काल." बाईंनी मान हलवली, मोबाईल काढून पंकजाचा मशीनवर बसलेला फोटो घेतला, "थोडं इकडं बघा" म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि गेल्या. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरला तरी न्हाणीतून काही ऐकू येत नव्हतं. मग पत्र्याचं दार कुरकुरलं आणि श्रीमंत बाहेर आला. कमरेला पंचा, कानामागं साबणाचा फेस तसाच वाळलेला, अंगावर काटा. "गेली का? आरं द्येवा, हुडहुडी भरली की मला," असं म्हणून तो हसायला लागला आणि पंकजालाही हसू आवरेना. पंचेचाळिशीचा, मिशीत पांढरं आलेला माणूस आपल्याच घरात हातात तांब्या धरून चोरासारखा उभा होता. "आन् भाऊ काय? लई झटक्यात सुचलं गं तुला," तो म्हणाला. दोघं आणखी थोडं हसली. मग ते हसू कुठंतरी संपलं आणि तो पाठ फिरवून शर्ट शोधायला लागला.

दुपारी तो कामावर गेल्यावर पंकजानं मशीन चालू केलं, बंद केलं. लांब लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव चालला होता, प्रत्येक धमाक्याला फळीवरच्या ताटल्या जराशा किणकिणत होत्या. खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. ते बोलायचं दोघांनी ठरवलेलंच होतं. दिवाळीत श्रीमंत आपली पेटी घेऊन राहायला आला तेव्हाच तो म्हणाला होता, "कुनी इचारलं तर मी न्हाई म्हून सांग. तुझं चालू हाय ते चालू ऱ्हाऊ दे." तिला खुपत होतं ते वेगळंच. 'मी एकटीच' हे शब्द किती सहज आले. जीभ शोधायला गेली नाही, अडखळली नाही. वर्षानुवर्षं दरवेळी हाच प्रश्न, दरवेळी हेच उत्तर, आणि गेल्या दिवाळीपर्यंत ते खरं होतं. आता ते खरं नव्हतं, तरी जिभेला त्याचा पत्ता नव्हता. आणि भाऊ! चार वर्षं जिच्या तोंडात बजरंगचं नाव आलं नव्हतं तिनं त्याला एका क्षणात गावावरून बोलावून आणलं, उंबऱ्यात त्याचे बूट ठेवले, आणि ज्याचे ते बूट होते तो आत थंडीनं कुडकुडत ऐकत राहिला. त्याला कसं वाटलं असेल, हे त्याच्या हसण्यावरून कळत नव्हतं.

ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. तिथं कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको: तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावरनं गाडीपर्यंत नेणार. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात मुकादम आला की घरोघर विचारायचा, यंदा तुमच्यातनं किती कोयतं? पंकजाचे आईवडील लंकाबाई आणि बिभीषण यांचा मिळून एक कोयता होता. पोरं त्या मोजणीत नसायची, ती नुसती बरोबर असायची, हंडे-भगुली असावीत तशी. पंकजा नऊ वर्षांची असताना एका पहाटे भरलेल्या गाडीवर उसाच्या मोळ्यांत झोपली होती आणि उतारावर गाडी कलली. दुखल्याचं तिला आठवत नाही. आठवतो तो कारखान्याकडून येणारा मळीचा गोडसर, कुजका वास, आणि बैलाच्या गळ्यातली घंटा थोडी पुढं वाजत जाऊन मग थांबली ते. डावा पाय मांडीपासून काढावा लागला. लंकाबाई तिच्याजवळ दवाखान्यात बसली आणि बिभीषण एकटा फडात उभा राहिला. त्या हंगामात फडातली माणसं त्याला अर्धा कोयता म्हणाली. एकटा तोडणारा असला की त्याला तसंच म्हणतात, त्यात चिडवण्यासारखं काही नव्हतं. पण दवाखान्यातून परत फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत आल्यावर पंकजानं तो शब्द ऐकला आणि तिला वाटलं की आपल्या पायाबरोबर घरातलंही काहीतरी निम्मं कापलं गेलं. पुढं ती मोठी झाली, आश्रमशाळेत शिवण शिकली, रंगानं उजळ, हातानं चपळ. पाहुणेरावळे यायचे, चहा प्यायचे, आईच्या बहिणीला, राहीमावशीला बाजूला घेऊन म्हणायचे, पोरगी गुनाची हाय, पन कोयता व्हनार न्हाई. ती वाईट माणसं नव्हती. त्यांचा हिशेबच दोघांचा होता.

सरकारनं मात्र तिला एकटीला धरलं. सिव्हिलमध्ये डॉक्टरनं मांडीला टेप लावून पाहिली, शिक्का मारला आणि काही महिन्यांनी तिच्या नावावर पहिल्यांदा पैसे जमा झाले. किती ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यात कुणाचं पोट भरलं नसतं. पण दर महिन्याला कुठंतरी कुणीतरी पंकजा बिभीषण असं एक नाव घेत होतं आणि त्या नावामागं दुसरं कुणी जोडावं लागत नव्हतं. निराधार हा शब्द तिला कधी लागला नाही. लोकांना वाटायचं लागत असेल. तिला तो आडनावासारखा वाटायचा.

पण ते पैसे हातात यायला वेळ लागला. वडील गेल्यावर घर बजरंगच्या हातात आलं. बँकेचा माणूस गावातल्या किराणा दुकानात यंत्र घेऊन बसायचा. अंगठा पंकजानं ठेवायचा आणि नोटा बजरंगच्या हातावर पडायच्या. "घरातच हाईत की. तुला काय कमी हाय का?" तो म्हणायचा, आणि खरंच काही कमी नव्हतं. जेवायला मिळायचं, दिवाळीला लुगडं मिळायचं. फक्त प्रत्येक गोष्ट सांगावी लागायची. सुया संपल्या, सांगा. बाईचं काही हवं असेल, भावजयीमार्फत सांगा. मागणं तोंडात नसतं, मानेत असतं, हे तिला त्या वर्षांत कळलं. मान आधी खाली जाते, मग शब्द येतो. आणि पुढं पुढं शब्द आला नाही तरी मान खालीच राहते. भावजयीनं एकदा सहज विचारलं होतं, "वन्सं, तुमी खाली काय बघताय सारखं, काय पडलंय का?" त्या दिवशी पंकजानं ठरवलं. आश्रमशाळेतली एक मैत्रीण नगरला होती. तिच्या ओळखीनं खोली मिळाली, जुनं मशीन मिळालं, आणि इथल्या बँकेत अंगठा लावून पहिल्यांदा नोटा स्वतःच्या मुठीत घेतल्या तेव्हा बाहेर येऊन ती पायरीवर तशीच उभी राहिली. समोर रसवंती होती. तिथं बसून तिनं एक ग्लास रस प्यायला. उसाचा रस तिनं त्याआधी कधी विकत घेऊन प्यायला नव्हता.

श्रीमंत तिला भेटला तो पायामुळंच. कृत्रिम पायाच्या गुडघ्यातली पिन झिजली होती, खटका मधेच सुटायचा, आणि पाय बनवणाऱ्या केंद्रात पुढचा नंबर महिन्यानं होता. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, पलीकडं एक टर्नर राहतो, सोनईचा आहे, बायको वारली, एकटाच असतो, त्याला दाखवून बघ. ती गेली. तो दारात बसून तांदूळ निवडत होता. त्यानं गुडघा हातात घेऊन उलटासुलटा केला, प्रकाशाकडं धरून पाहिला, विचारलं, "वजन कोन्या बाजूनं येतं?" तिनं सांगितलं. लोक तिच्या पायाकडं पाहत तेव्हा त्यांना तिच्याबद्दल काहीतरी वाटत असायचं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. ह्याच्या तोंडावर फक्त पिन दिसत होती. दोन दिवसांनी तो नवी पिन घेऊन आला, बसवली, तेल सोडलं, "चाला बरं" म्हणाला, आणि ती चालली तेव्हा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "आता आवाज बरा येतोय." मग तो येत राहिला. कधी पँट आल्टर करायला, कधी नुसताच. वर्षभरानं त्यानं पेटी आणली. तो तिला तू म्हणायचा, ती त्याला तुमी. आणि त्यांच्यात काय आहे याला दोघांनीही नाव दिलं नव्हतं, कारण नाव दिलं की ते कुणीतरी कुठंतरी नोंदवील, असं दोघांच्याही मनात होतं.

तलाठीबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजा उठली तेव्हा खुंटी रिकामी होती. बूट आत पेटीमागं. दाढीचं सामान पिशवीत, पिशवी पलंगाखाली. टूथब्रशसुद्धा त्यानं उचलला होता. "बाई परत आली तर," तो म्हणाला, आणि तिला मदत केल्यासारखं त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तो उजाडायच्या आत अंघोळ उरकायला लागला, पाणी भिंतीला लावून, आवाज न करता. गल्लीत शिरताना फोन कानाला लावून शिरायचा, म्हणजे कुणाकडं तरी चाललाय असं वाटावं. आठवडा असा गेला आणि एका सकाळी म्हणाला, "करन म्हून पोरगं हाय आमच्यात कामाला, त्येच्या खोलीवर जागा हाय. जरा दिस तिकडं काढतो. पाहणी आटपली की येतो." ती म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार? तो तिच्याचसाठी जात होता. पेटी मात्र ठेवून गेला.

त्यानंतरचे दिवस तिच्या ओळखीचे होते. एक वाटी तांदूळ, एक ताटली, संध्याकाळी दार लावून पाय काढून भिंतीशी टेकवायचा आणि पलंगावर बसल्या बसल्या फॉलला हातशिलाई करायची. ती वर्षांमागून वर्षं अशीच राहिली होती आणि तिला ते चांगलं जमत होतं. आता सगळं तसंच असून कुठंतरी ढगळ झालं होतं, दुसऱ्या कुणाच्या मापाचं ब्लाउज घालावं तसं. ती स्वतःशी विचार करायची तो अगदी शांतपणे, हिशेबी बाईसारखा. समजा आपण सांगितलं. समजा बंद झालं. मग हा गेला, माणसं जातात, एखादा अपघात होतो, एखादं भांडण होतं, मग आपण पुन्हा ते सगळे जिने चढायचे, पुन्हा मांडीला टेप, पुन्हा वर्ष-दीड वर्ष वाट. आणि तोपर्यंत? तोपर्यंत मान. तिला भीती उपाशी राहायची नव्हती. उपाशी राहणं तिला माहीत होतं, त्याला एक अंत असतो. मानेला अंत नसतो. पण मग उलट बाजूनं दुसरा विचार यायचा. आपल्या घरातला माणूस आवाज न करता अंघोळ करतो. त्यानं स्वतःला इतकं लहान घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि आपण बरं म्हणालो. फडात पोरं बरोबर असूनही मोजली जात नव्हती. आपण त्याला तसं केलं. आपण, ज्यांना ते कसं असतं हे ठाऊक होतं.

सोमवारी ती रिक्षानं तलाठी कार्यालयात गेली. टेबलावर पाटी होती, तेव्हा तिला बाईंचं नाव कळलं, राजनंदिनी. गर्दी ओसरेपर्यंत पंकजा बाकावर बसून राहिली. मग खटका बसवून उठली, आणि ह्या वेळी आवाज झाला तरी तिला काही वाटलं नाही.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. ते बूट भावाचे नव्हते."

राजनंदिनीनं पेन खाली ठेवलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "न्हाणीच्या दाराखालून पाणी येत होतं. तुम्ही तर कोरड्या, मशीनवर बसलेल्या."

पंकजाचे कान गरम झाले. "मग लिवलं न्हाई?"

"काय लिहू? लग्न झालंय तुमचं?"

"न्हाई."

"मग कोण आहेत ते?"

पंकजानं तोंड उघडलं आणि शब्द सापडेना. पाहुणा नाही, भाडेकरू नाही, नवरा नाही. "संगं ऱ्हातो आमी," ती शेवटी म्हणाली. राजनंदिनी खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाली, "ताई, नीट ऐका. माझ्या कागदात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. संगं राहणाऱ्याला त्यात रकाना नाही. मी वर विचारीन, पण मला तरी वाटतं लग्न नाही तोवर त्यांचा पगार तुमच्यात धरायचा प्रश्न येत नाही. लग्न केलंत तर मात्र धरावाच लागतो, आणि कंपनीतला पगार म्हटलं की मर्यादेच्या वर जाणार. बंद होईल. नंतर परत चालू करणं सोपं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

"म्हंजी मी खरं सांगितलं तरी ते न्हाईतच?"

"कागदात नाहीत."

"आन् लगीन केलं की हाईत?"

"मग आहेत. पण मग तुम्ही..." ती थांबली. "मग तुमचं वेगळं काही उरत नाही. दोघांचं मिळून एक धरतात."

मग तिनं पाण्याचा ग्लास पंकजापुढं सरकवला. "मी आज काही लिहीत नाही. तुम्ही घरी जा, विचार करा. आणि ताई, मला विचाराल तर कुणीही लग्न करणार नाही अशा वेळी. बऱ्याच जणी करत नाहीत."

बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं. रिक्षा लगेच मिळाली नाही. पंकजा लिंबाखाली उभी राहिली आणि तिला वाटलं होतं तसं हलकं वाटेना. ती खरं बोलायला आली होती. खरं बोलून झालं होतं आणि त्यानं काहीच हललं नव्हतं. तिला दंडही झाला नव्हता, माफीही मिळाली नव्हती. उलट सगळं आता तिच्याच हातात आणून ठेवलं होतं. कायदा तिला म्हणत होता, तू एकटी म्हणून पूर्ण आहेस, किंवा दोघं मिळून एक आहात. पूर्ण राहून दोघं असं काही नाही. मुकादम तरी दुसरं काय म्हणायचा?

सुट्टीच्या दिवशी सकाळी श्रीमंत आला, हातात मेथीची जुडी. तिनं चहा ठेवला आणि पाठमोरीच राहून सगळं सांगितलं. त्याला राग आला. तो क्वचित रागवायचा, आणि रागवला की त्याचा आवाज वाढायच्या ऐवजी बसायचा. "कशाला ग्येलीस? म्या काय म्हनलो व्हतो का? म्या खुशीनं ऱ्हात हुतो तिकडं."

"खुशीनं?"

चहाला उकळी आली, तिनं गॅस बारीक केला. मग वळून विचारलं, "तुमी मला कधी इचारलं का न्हाई? लगनाचं."

"इचारलं असतं," तो म्हणाला. मेथीची जुडी त्यानं उगीच सोडली आणि पानं खुडायला लागला. "तू व्हय म्हनली असतीस, मला म्हाईत हुतं. मंग तुझं ते बंद झालं असतं. मंग एखाद्या दिशी तुला कायतरी लागलं असतं आन् तू माझ्यासमोर यून उभी ऱ्हायली असतीस. तू भावाकडं कशी बघायचीस ते तूच सांगितलंयस मला. तसं तू माझ्याकडं बघशील, ह्याचं भ्या वाटतं. पैल्या बायकूनं कधी काय मागितलं न्हाई माझ्याकडं. दुखतंय म्हून सुदिक सांगितलं न्हाई. सांगितलं तवा उशीर झाला हुता."

पंकजा त्याच्यासमोर बसली. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्या बायकोबद्दल एवढं कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, हा माणूस आपल्याकडं येतो कारण त्याला कसली भीती नाही. आणि तो बिचारा तिच्याच मानेला भीत होता, तिच्याइतकाच. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. पंकजाला एकाएकी वाटलं की आपण दोघं दोन टोकांनी एकच जड वस्तू धरून उभे आहोत आणि दोघांनाही वाटतंय की ती आपण एकट्यानंच उचललीय.

"करू या," ती म्हणाली.

"आन् तुझं?"

"जाईल."

"तू इचार कर."

"केलाय. लई वरीस केला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन मला मागता येत न्हाई. ते मी शिकनार बी न्हाई आता."

"मागू नगं," तो म्हणाला. "सांग."

सांगणं आणि मागणं यातलं अंतर ज्यानं कधी मागितलं नाही त्याला असं सोपं वाटतं, असं तिच्या मनात आलं. तरी तिनं मेथीची अर्धी जुडी आपल्याकडं ओढली.

लग्नाची नोटीस महिनाभर कचेरीत लागली होती आणि एप्रिलमध्ये नोंदणी झाली. सह्यांना कंपनीतली दोन माणसं आणि तिची मैत्रीण आली. सोनईहून श्रीमंतचा चुलता आला, त्यानं पेढा खाल्ला, पंकजाच्या पायाकडं एकदा आणि तोंडाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "नांदा सुखानं." पाथर्डीहून कुणी आलं नाही. लंकाबाईनं फोनवर विचारलं, "तोडीला जातो का गं त्यो?" न्हाई म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग लई बरं झालं." पुढच्या आठवड्यात पंकजा राजनंदिनीच्या टेबलापाशी गेली आणि लग्नाचा दाखला ठेवला. राजनंदिनीनं तो वाचला, तिचं तोंड जरा उतरलं, मग तिनं अभिनंदन केलं. पुढच्या महिन्यात मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा संदेश आला नाही. त्या दिवशी पंकजा दुपारभर फोन जवळ घेऊन बसली होती. येणार नाही हे तिला माहीत होतं. माणूस गेल्यावरही त्याच्या यायच्या वेळेला कान दाराकडं जातात, तसं ते होतं, आणि तिनं स्वतःला थांबवलं नाही. संध्याकाळी तिनं पिठलं केलं आणि त्यात मीठ घालायला विसरली. श्रीमंतनं न बोलता वरून घेतलं.

मग धोंड्याचा महिना लागला. लग्नं थांबली, साड्या थांबल्या. मशीनवर चिंधीसुद्धा पडेना. मांडीवर पायाच्या आत घालायचा लोकरी मोजा विरला होता, टाचून टाचून त्याची घडी मांडीला रुतायची आणि तिथं लाल फोड आला होता. नवा मोजा केंद्रातच मिळतो, आणि त्याला द्यायला तिच्याकडं पैसे नव्हते. दोन दिवस ती लंगडत चालली आणि उन्हाळ्यामुळं होतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिली पाळी नव्हती, श्रीमंत दारात बसून भाकरी खात होता. पंकजा गॅसपाशी उभी होती आणि वाक्य तिच्या तोंडात केव्हाचं तयार होतं. ते तिथंच फिरत होतं, गूळ विरघळावा तसं नाही, खडा असावा तसं. तिला जाणवलं की आपली नजर फरशीच्या फटीवर गेली आहे. फटीतून मुंग्या चालल्या होत्या. तिनं मुंग्यांकडं पाहिलं, आणि मग मान उचलली. खरोखर हातानं उचलावी तशी, मानेला कळ लागेपर्यंत.

"मला मोजा पायजे," ती म्हणाली. "फोड आलाय."

श्रीमंतचा घास थांबला. "कवाधरनं?"

"परवापसनं."

परवापासून का सांगितलं नाहीस, हे त्यानं विचारलं नाही, पण ते त्याच्या तोंडावर आलं आणि गेलं. मग खुंटीवरच्या शर्टाकडं मान करून म्हणाला, "खिशात हाईत. घे."

पंकजा खुंटीपर्यंत गेली. शर्टाला हात लावला आणि हात काढून घेतला. "असं नगं," ती म्हणाली. "हातात द्या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ताट बाजूला ठेवलं, मोरीत जाऊन हात धुतला, पंचाला पुसला, खिशातून नोटा काढल्या आणि तिच्यासमोर उभा राहून पुढं केल्या. तिनं घेतल्या. घेताना ती सबंध वेळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्याचे डोळे जरा ओलसर, जरा घाबरलेले होते, परीक्षेला बसलेल्या पोराचे असावेत तसे. नोटा तिच्या मुठीत आल्या तरी दोघं तशीच उभी राहिली. गल्लीत भाजीवाली ओरडत होती.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

पंकजानं खरंच विचार केला. घाई नव्हती.

"वाईट," ती म्हणाली. "पन वाटलं हुतं तेवढं न्हाई." आणि पदराच्या टोकाला नोटा बांधून ती बाहेर जायला निघाली.